व्यासपीठाखालचा कवी

मंगरूळपीरच्या बाजारात घटकाभर कान उघडे ठेवून उभे राहा. दुकानदार वऱ्हाडीत भाव सांगतो, तर पोहरादेवीकडच्या तांड्यांतून आलेल्या बाया आपसांत गोरमाटी बोलतात. आता शाळेचे पुस्तक उघडा. या बोली तिथे क्वचितच भेटतील. मग ज्याच्या घरची बोली पुस्तकात नाही, त्याने कविता लिहावी तरी कोणत्या भाषेत?

वाचक हो, शहादा तालुक्यातील भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांच्यापुढे हाच प्रश्न होता. हा मुलूख सातपुड्याच्या पायथ्याचा. पूर्वी तो धुळे जिल्ह्यात होता, 1998 पासून नंदुरबारमध्ये आहे. तापीकाठची जमीन मोठी कसदार; पण कर्जापायी आणि कागदाच्या अज्ञानापायी भिल्लांच्या हातून ती निसटत गेली. मालक होते ते मजूर झाले. अंबरसिंग सुरतवंती यांनी त्यांना जागे केले, आणि 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली. वाहरू या चळवळीचे कार्यकर्ते. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्राने 1974 साली केला, त्यामागे अशा लढ्यांचा रेटा होता.

वाहरूंची कविता या धडपडीतूनच आली. त्यांनी भिलोरीत लिहिले आणि मराठीतही लिहिले. 1987 साली त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह निघाला. गोधड म्हणजे आपली गोधडी! त्यांची ‘स्टेज’ ही कविता विशेष गाजली. सभा आदिवासींच्या नावाची, पण बोलणारे सारे वर आणि ज्यांचे दुःख ते खाली बसलेले, असे तिचे चित्र आहे. आमचे दुःख आम्हांला बोलू द्या, एवढेच तिचे मागणे. पुढे 1990 साली पालघरच्या आदिवासी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वाहरूंकडे आले. खालचा माणूस वर चढून बोलू लागला!

असे दुःख आपल्याच देशात आहे असे नाही. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर मिकमाक नावाचे आदिवासी राहतात. त्यांची कवयित्री रीटा जो हिचा जन्म 1932 सालचा. बाराव्या वर्षी ती वसतिशाळेत गेली. तिथे मुलांना घरची भाषा बोलण्याची बंदी होती. हरवलेल्या बोलीचे हे दुःख तिने पुढे कवितेत मांडले. तिचे पहिले पुस्तक निघाले 1978 साली, म्हणजे वयाच्या शेहेचाळिशीत. 2007 साली ती वारली.

आपल्या शाळांत तशी बंदी नाही, हे खरे. पण वर्गात एखादे पोर घरचा शब्द बोलून जाते, बाकीची फिदीफिदी हसतात, आणि ते पोर पुन्हा तोंड उघडत नाही. बंदीने दुसरे काय साधले असते?

म्हणून गुरुजनहो, एक करून पाहा. ‘आई’ हा शब्द फळ्यावर लिहाल तेव्हा तांड्यावरच्या पोराला विचारा, “तुझ्या घरी काय म्हणतात रे?” ते ‘याडी’ म्हणेल. तो शब्द ‘आई’च्या शेजारी लिहा, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. प्रमाण मराठी त्याला शिकवायचीच आहे, त्यावाचून त्याचे पुढे चालणार नाही. पण ती शिकताना घरच्या शब्दाची लाज त्याला वाटू देऊ नका.