पौर्णिमा, चांदी आणि लांडगा

भयपटांचे दर्दी एकत्र आले आणि आवडत्या चित्रपटांची नावे एकमेकांना सांगू लागले की वेअरवुल्फचा विषय निघतोच. कुणी ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’चे नाव घेतो, कुणी ‘द हाउलिंग’चे, तर कुणी कॅनडातल्या ‘जिंजर स्नॅप्स’चे. मग नियमांचा काथ्याकूट सुरू होतो. लांडगा चावलेला माणूस लांडगा होतो, पौर्णिमेच्या रात्री होतो आणि चांदीच्या गोळीनेच मरतो. युरोपच्या रानावनांतून, आजीबाईंच्या तोंडून ही तीन कलमे शतकानुशतके उतरत आली असावीत, असे बहुतेकांना वाटते. माणूस लांडगा होतो ही कल्पना तेवढी जुनी आहेच. पण ही तीन कलमे एकत्र बांधलेली आपल्याला सापडतात ती हॉलिवूडमध्ये, आणि तीही १९३५ ते १९४४ या दहा वर्षांत. तेथवर पोचण्यासाठी आपण फार मागून निघू.

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसने आपल्या इतिहासाच्या चौथ्या खंडात न्यूरी नावाच्या लोकांची हकीकत नोंदवली. सिथियाच्या पलीकडे राहणाऱ्या या लोकांपैकी प्रत्येक जण वर्षातून एकदा काही दिवस लांडगा होतो, असे त्याला सांगण्यात आले होते. आपला यावर विश्वास नाही, असेही त्याने लगेच नमूद केले. ग्रीकांची स्वतःची कथा आर्केडियाच्या लायकाऑन राजाची. त्याने देवांच्या राजाची परीक्षा पाहण्यासाठी त्याला नरमांस वाढले आणि शिक्षा म्हणून तो लांडगा झाला. इसवी सनाच्या आरंभी ओव्हिडने ही कथा लॅटिन काव्यात अशी बसवली की पुढे युरोपभर तीच प्रमाण ठरली. येथे चंद्र नाही, दंश नाही. आहे तो केवळ पातकाचा दंड. त्याच पहिल्या शतकात पेट्रोनियसच्या ‘सॅटिरिकॉन’मध्ये मेजवानीतला एक पाहुणा आपली आठवण सांगतो. लख्ख चांदण्यात थडग्यांपाशी एक सैनिक कपडे काढतो, त्यांच्याभोवती लघवीचे रिंगण करतो आणि लांडगा होऊन पळतो. मागे राहिलेले कपडे दगड होतात. त्या रात्री एका लांडग्याच्या मानेत भाला बसतो आणि सकाळी तोच सैनिक बिछान्यात पडलेला, वैद्य त्याच्या मानेवर उपचार करत असलेला दिसतो. जनावराला झालेली जखम माणसाच्या अंगावर उमटणे, ही युक्ती आजचे पटकथाकारही वापरतात. तिचे वय जवळजवळ दोन हजार वर्षे आहे.

या कथेतल्या कपड्यांकडे आपण नीट पाहू, कारण पुढची अनेक शतके लांडगा-माणसाची किल्ली चंद्रापेक्षा कपड्यांतच होती. बाराव्या शतकात मारी द फ्रांस या कवयित्रीने ‘बिस्क्लाव्हरे’ ही कथा काव्यात रचली. ब्रिटनीतला एक सरदार आठवड्यातून तीन दिवस नाहीसा होतो. बायको खोदून खोदून विचारते आणि तो सांगून टाकतो की आपण लांडगा होतो व परत माणूस होण्यासाठी लपवलेले कपडे हवेच असतात. बायको दुसऱ्या सरदाराला हाताशी धरून ते कपडे पळवते. सरदार लांडगाच राहतो, पण शिकारीला आलेल्या राजाच्या पायाशी लोळण घेतो, दरबारात राहतो, आणि शेवटी कपडे परत मिळून माणूस होतो. सगळी सहानुभूती येथे लांडग्याच्या बाजूला आहे. त्याच शतकाच्या अखेरीस गेराल्ड ऑफ वेल्स आयर्लंडच्या वर्णनात ऑसरी प्रांतातल्या शापित जोडप्याची हकीकत देतो. मरणाला टेकलेल्या लांडगिणीसाठी तिचा सोबती एका धर्मगुरूला अंतिम विधीसाठी विनवतो आणि तो विधी होतोही. मध्ययुगाला हा प्राणी करुणेस पात्र वाटत होता, ही गोष्ट आज पार विसरली गेली आहे. मला ती या साऱ्या वंशावळीतली सर्वांत मोलाची वाटते.

सोळाव्या शतकात चित्र पालटले. चेटकिणींच्या खटल्यांच्या लाटेत लांडगा-माणूस कथेतून उचलून न्यायालयात उभा केला गेला. १५७४ मध्ये फ्रान्समधील डोल येथे जील गार्निए या एकांतवासी माणसाला मुले मारून खाल्ल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले. १५८९ मध्ये कोलोनजवळच्या बेडबुर्ग गावात पेटर श्टुंप या शेतकऱ्याला छळ करून ठार मारले. सैतानाने दिलेला पट्टा कमरेला बांधला की आपण लांडगा होतो, असा कबुलीजबाब त्याच्याकडून घेण्यात आला होता. पुढच्याच वर्षी त्याच्या खटल्याची पुस्तिका लंडनमध्ये इंग्रजीत छापली गेली आणि मारेकऱ्याच्या क्रौर्याची तपशीलवार वर्णने विकत घेऊन वाचणारा वाचक तयार झाला. योगायोग असा की त्या पुस्तिकेतली श्टुंपच्या वधाची तारीख ३१ ऑक्टोबर आहे. जॉन कार्पेंटरचा ‘हॅलोवीन’ त्याच रात्री घडतो. १६०३ मध्ये बोर्दोच्या न्यायालयाने मात्र झाँ ग्रनिए या किशोरवयीन मुलाला मृत्युदंड न देता मठात ठेवले. त्याच्या बुद्धीत दोष आहे, अंगात सैतान नाही, असे मत तेथे पडले. लांडगेपण हा मनाचा विकार असल्याचे वैद्य फार पूर्वीपासून सांगत आले होते. सर्वांत विलक्षण खटला बाल्टिक किनाऱ्यावरच्या लिव्होनियातला, १६९१-९२ चा. ऐंशी ओलांडलेल्या थीस नावाच्या शेतकऱ्याने न्यायाधीशांना ठणकावून सांगितले की आम्ही लांडगे सैतानाचे नव्हे, देवाचे कुत्रे आहोत. चेटक्यांनी पळवलेले धान्याचे बीज आम्ही नरकात जाऊन परत आणतो. त्याला फटक्यांची शिक्षा झाली. आजच्या एखाद्या दिग्दर्शकाने हा म्हातारा पडद्यावर आणावा, असे मला मनापासून वाटते.

चांदी अजून आलेली नाही. ती येते वेगळ्याच वाटेने. १६८९ मध्ये किलिक्रँकीच्या लढाईत पडलेला स्कॉटिश सेनानी डंडी चांदीनेच मारता आला, अशी दंतकथा त्याच्या शत्रूंमध्ये रुजली. ग्रिम बंधूंच्या संग्रहातल्या ‘दोन भाऊ’ या कथेत शिशाची गोळी चेटकिणीला लागत नाही, म्हणून शिकारी कोटाची चांदीची बटणे बंदुकीत भरतो. म्हणजे चांदी हा चेटूक भेदणारा धातू होता. लांडग्याशी तिचा खास करार नव्हता. १७६४ ते १७६७ या काळात दक्षिण फ्रान्सच्या जेव्होदाँ भागात एका श्वापदाने सुमारे शंभर माणसे मारली. पंधराव्या लुईने आपले शिकारी धाडले आणि १९ जून १७६७ रोजी झाँ शास्तेल या स्थानिक माणसाने ते मारले. त्याच्या बंदुकीत चांदी होती, हे आज अनेक जण सांगतात. ती भर नंतरच्या लेखकांची आहे.

एकोणिसाव्या शतकात लांडगा स्वस्त छापील पानांवर आला आणि येथे आपल्याला मराठीशी एक धागा भेटतो. १८४६-४७ मध्ये जी. डब्ल्यू. एम. रेनल्ड्सने ‘वॅग्नर द वेअर-वुल्फ’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. तिचा नायक पौर्णिमेला नव्हे, तर दर महिन्याच्या अखेरच्या दिवशी सूर्यास्ताला लांडगा होतो. हाच तो रेनल्ड्स, ज्याच्या कादंबऱ्यांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजी शिकलेल्या तरुणांना वेड लावले होते. हरिभाऊ आपट्यांनी १८८५ मध्ये ‘मधली स्थिती’ लिहायला घेतली ती त्याच्याच एका लंडनविषयक कादंबरीच्या आधाराने. मराठी कादंबरीला वळण देणाऱ्या लेखकाच्या वाचनात आलेला हा लेखक लांडगा-माणसाच्या वंशावळीतही एक पूर्वज आहे. पुढे १८६५ मध्ये सॅबिन बेअरिंग-गूल्ड या धर्मगुरूने युरोपभरच्या कथा आणि खटले एका पुस्तकात गोळा केले. त्यानंतर या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण त्याच्याच शिदोरीवर जगला.

पडद्यावरचा पहिला लांडगा १९१३ च्या ‘द वेअरवुल्फ’ या लघुपटात आला. त्यात लांडगा होते ती एक नॅव्हाहो स्त्री. या चित्रपटाची प्रत १९२४ च्या आगीत नष्ट झाल्याचे मानले जाते. १९३५ मध्ये युनिव्हर्सलने ‘वेअरवुल्फ ऑफ लंडन’ काढला. वनस्पतिशास्त्रज्ञ तिबेटात दुर्मीळ फूल शोधायला जातो, तेथे त्याला लांडगा-माणूस चावतो आणि लंडनला परतल्यावर पौर्णिमेच्या चांदण्यात त्याचे रूप बदलते. सैतानाच्या पट्ट्याची जागा येथे संसर्गाने घेतली. जंतूंचे शास्त्र घरोघरी पोचलेल्या काळाला ही कल्पना पटली यात नवल नाही. चित्रपट फारसा चालला नाही, पण दंश आणि पौर्णिमा ही दोन कलमे लिहिली गेली.

तिसरे कलम आणि या साऱ्याला प्राचीनत्वाचा मुलामा देणारा माणूस म्हणजे कर्ट सिऑडमॅक. १९०२ मध्ये ड्रेस्डेनमध्ये जन्मलेला हा ज्यू लेखक १९३३ मध्ये गोबेल्सचे ज्यूद्वेषी भाषण ऐकून जर्मनीतून बाहेर पडला, इंग्लंडमार्गे १९३७ मध्ये अमेरिकेत पोचला आणि युनिव्हर्सलसाठी त्याने ‘द वुल्फ मॅन’ची पटकथा लिहिली. लॅरी टॅल्बट हा भला माणूस वडिलांच्या गावी परततो, एका मुलीला वाचवताना त्याला लांडगा चावतो, आणि आपण रात्री काय होतो हे कळल्यावर तो कुणालाच ते पटवून देऊ शकत नाही. पुढच्या सावजाच्या तळहातावर त्याला तारा दिसतो. जर्मनीत ज्यूंवर पिवळ्या ताऱ्याची सक्ती झाली तो सप्टेंबर १९४१ चा महिना आणि चित्रपट आला त्याच डिसेंबरमध्ये; तेव्हा हा तारा समीक्षकांना त्या ताऱ्याची आठवण करून देत आला आहे. टॅल्बट खरोखर लांडगा होतो की त्याला तसे वाटते, हे सिऑडमॅकला संदिग्ध ठेवायचे होते. स्टुडिओला लांडगा दिसायला हवा होता. रंगभूषाकार जॅक पिअर्सने याकचे केस एकेक करून टॅल्बट साकारणाऱ्या लॉन चेनी ज्युनिअरच्या चेहऱ्यावर चिकटवले. तरी या पहिल्या चित्रपटात माणसाचा लांडगा होताना दिसतात ती फक्त पावले. गावकरी जी चार ओळींची जुनी म्हण एकमेकांना ऐकवतात, ती सिऑडमॅकने स्वतः रचली होती. ती खरीच लोककविता आहे असे समजून अनेकांनी पुढे ती लोकसाहित्याच्या खाती जमा केली. चित्रपट १२ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर पाचव्या दिवशी प्रदर्शित झाला आणि धास्तावलेल्या अमेरिकेने त्याला गर्दी केली. त्यात लांडगा मरतो तो चांदीच्या मुठीच्या काठीने. १९४३ च्या पुढच्या चित्रपटात त्या म्हणीतला चंद्र पौर्णिमेचा झाला, आणि १९४४ च्या ‘हाउस ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये काठीची जागा चांदीच्या गोळीने घेतली. नियमावली पुरी झाली.

एवढ्यावर हा लांडगा विस्मृतीत गेला असता. १९४८ मध्ये तो ॲबट आणि कॉस्टेलोच्या विनोदपटात हास्याचा विषय झालाच होता. त्याला वाचवले ते रसिकांनी. १९५७ मध्ये युनिव्हर्सलच्या जुन्या ५२ चित्रपटांचा ‘शॉक’ नावाचा संच अमेरिकी दूरचित्रवाणीला विकला गेला आणि रात्री जागणाऱ्या मुलांची एक पिढी टॅल्बटला भेटली. १९५८ मध्ये फॉरेस्ट ॲकरमनच्या संपादनाखाली ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ हे मासिक निघाले. आपला आवडता राक्षस कोणता, त्याचा चेहरा कोणी रंगवला, हे पत्रांतून एकमेकांना सांगणारी मुले या मासिकाभोवती जमली. पुढे दिग्दर्शक झालेल्या जो दान्तेने शाळकरी वयात त्यात लिहिले. पुढे रंगभूषाकार झालेला रिक बेकर हे मासिक वाचूनच घरात मुखवटे करायला शिकला.

याच सुमारास घराण्याच्या दोन शाखा झाल्या, असे मला दिसते. मध्ययुगातल्या दुःखी सरदाराचा वारसा टॅल्बटकडे गेला. बेडबुर्गच्या खटल्यातला, पुस्तिकेत रंगवलेला मारेकरी केस आणि पंजे टाकून स्लॅशर म्हणजे मारेकऱ्यांच्या भयपटांत शिरला. १९६० च्या ‘सायको’ने आणि ‘पीपिंग टॉम’ने वाट पाडली, इटलीत मारियो बाव्हाने ती रंगवली, १९७४ च्या ‘ब्लॅक ख्रिसमस’ने घरातल्या फोनवर मारेकरी आणला. १९७८ च्या ‘हॅलोवीन’मध्ये ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा स्वस्त मुखवटा पांढरा रंगवून मारेकऱ्याच्या चेहऱ्यावर चढवला गेला. १९८० च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या रक्तबंबाळ करामती टॉम साव्हिनीच्या. त्याला या कलेची ओढ लागली ती थोरल्या लॉन चेनीच्या जीवनावरचा चित्रपट लहानपणी पाहून, म्हणजे टॅल्बट साकारणाऱ्या नटाच्या वडिलांमुळे.

आणि १९८१ मध्ये मासिक वाचणारी मुले स्वतः चित्रपट घेऊन आली. एप्रिलमध्ये दान्तेचा ‘द हाउलिंग’ आला. त्यातल्या पात्रांना जुन्या वेअरवुल्फपटांच्या दिग्दर्शकांची नावे आहेत आणि पुस्तकांच्या दुकानात ॲकरमन स्वतः आपले मासिक हातात धरून क्षणभर दिसतो. ऑगस्टमध्ये जॉन लँडिसचा ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ आला. त्याची पटकथा लँडिसने १९६९ मध्ये, युगोस्लाव्हियात चित्रीकरणाच्या नोकरीवर असताना लिहिली होती. रिक बेकरने येथे भरपूर उजेडात, काहीही न लपवता, हात लांबताना आणि पाठीचा कणा वाकताना दाखवला. टॅल्बटच्या पावलांपासून येथवर चाळीस वर्षे गेली होती. यातली पात्रे १९४१ च्या चित्रपटाची आठवण काढतात आणि चांदीच्या गोळीचा विषय निघताच ती थट्टा ठरते. वेअरवुल्फची इतकी वेदनामय कथा दुसरी झालेली नाही, हे माझे ठाम मत. ऑस्करमध्ये रंगभूषेचा स्वतंत्र वार्षिक पुरस्कार याच वर्षापासून सुरू झाला आणि पहिला मान बेकरला मिळाला.

व्हिडिओ कॅसेटवरून हा चित्रपट मुंबईतही पोचला. १९९२ मध्ये महेश भट यांनी ‘जुनून’ काढला. त्यात राहुल रॉय पौर्णिमेला वाघ होतो, लांडगा नव्हे. येथल्या रानाला तेच शोभणारे होते. २०२२ च्या ‘भेडिया’ने मात्र अरुणाचलच्या जंगलात लांडगाच आणला, आणि दंश व पौर्णिमा तेथेही जशीच्या तशी आली. २०१० मध्ये युनिव्हर्सलने ‘द वुल्फमन’ नव्याने केला, तेव्हा रंगभूषा रिक बेकरकडेच होती, आणि त्यासाठी त्याला सातवे ऑस्कर मिळाले. आपल्या यादीत हे नवे चित्रपट जरूर असू द्यावेत. पण वाचकांना माझी विनंती आहे की यादीच्या आरंभी १९४१ चा तो अवघ्या सत्तर मिनिटांचा कृष्णधवल ‘वुल्फ मॅन’ ठेवावा, आणि तो पाहताना पटकथेच्या श्रेयनामावलीतले कर्ट सिऑडमॅक हे नाव नजरेतून निसटू देऊ नये.