आकाशातून खडकांचे मापन

खडक आणि माती यांतील अस्थिर मूलद्रव्यांतून आपोआप बाहेर पडणारे प्रारण, म्हणजेच नैसर्गिक किरणोत्सर्ग, हवेतून मोजण्याच्या तंत्राचे कूळ व्हिक्टर हेस यांच्या बलूनपर्यंत जाते. जमिनीपासून दूर जाताना प्रारण घटते का, हे तपासण्यासाठी ७ ऑगस्ट १९१२ रोजी ते पाच हजार मीटरहून अधिक उंच गेले, तेव्हा वरच्या थरांत ते वाढलेलेच आढळले आणि विश्वकिरणांचा शोध लागला. हा आकाशातला वाटा वजा केल्यावाचून जमिनीचा वाटा आजही निश्चित करता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरेनियमच्या शोधासाठी हे मापन विमानात आले. १९४८ मध्ये रॉबर्ट हॉफ्स्टॅटर यांनी पुढे आणलेला सोडियम आयोडाइडचा स्फटिक गॅमा किरण पडताच त्याच्या ऊर्जेच्या प्रमाणात प्रकाशतो, त्यामुळे १.४६, १.७६ आणि २.६१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट या ऊर्जांवरून अनुक्रमे पोटॅशियम, युरेनियम व थोरियम वेगळे ओळखता येऊ लागले. भारतात आज अणुखनिज संचालनालय आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्था हे तंत्र वापरतात.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांचा पाया दख्खनच्या बेसाल्टचा असून त्यात ही तिन्ही मूलद्रव्ये ग्रॅनाइटच्या मानाने फार कमी असतात. शिवाय गॅमा किरण मातीच्या वरच्या तीस-चाळीस सेंटिमीटरांतूनच बाहेर येत असल्याने आणि पाणी ते शोषत असल्याने, नीरा डाव्या कालव्याखालची भिजलेली काळी जमीन त्याच मातीच्या जिरायत रानापेक्षा मंद नोंदली जाते, तर उजनीच्या फुगवट्याखालची जमीन नकाशावर जवळजवळ उमटतच नाही. म्हणून अशा प्रदेशात आकड्यांचा अर्थ लावताना खडकाइतकाच पाटपाण्याचा आणि ऋतूचा विचार करावा लागतो.

कऱ्हाकाठी मोरगावला सापडलेली ज्वालामुखीय राख या तंत्राची मर्यादा दाखवते. ती भोवतीच्या बेसाल्टहून पोटॅशियमने कितीतरी समृद्ध असली, तरी विमानातील यंत्र एका वेळी काहीशे मीटर रुंदीच्या जमिनीची सरासरी घेत असल्याने असा चिंचोळा थर त्या सरासरीत हरवू शकतो. सुमात्रातील टोबाच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ही राख, की सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीच्या, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तिचे वय ठरवण्याच्या एका पद्धतीत पोटॅशियम-४० च्या क्षयातून साठलेला आर्गॉन वायू मोजतात, आणि विमान टिपते तो पोटॅशियमचा किरणही याच अणूच्या क्षयातून येतो. म्हणून हवाई नकाशा आणि जमिनीवरून आणलेला नमुना ही एकाच अभ्यासाची दोन अंगे ठरतात.