रणजी करंडकातील महिला पंच : दिल्लीच्या गायत्री वेणुगोपालन

१० जानेवारी २०२३ रोजी जमशेदपूर येथे झारखंड आणि छत्तीसगड यांच्यातील रणजी करंडक सामन्यास प्रारंभ झाला, तेव्हा मैदानावरील दोन पंचांपैकी एक दिल्लीच्या गायत्री वेणुगोपालन होत्या. त्याच दिवशी सुरत येथे रेल्वे विरुद्ध त्रिपुरा या सामन्यात चेन्नईच्या जननी नारायणन यांनी, तर गोव्यात पर्वरी येथे गोवा विरुद्ध पाँडिचेरी या सामन्यात नवी मुंबईच्या वृंदा राठी यांनी पंच म्हणून काम पाहिले. १९३४-३५ च्या हंगामापासून खेळल्या जाणाऱ्या या स्पर्धेत मैदानावरील पंच म्हणून महिलांची नियुक्ती होण्याची ही पहिलीच वेळ होती.

क्रिकेटपटू व्हावे, अशी वेणुगोपालन यांची मूळ इच्छा होती. खांद्याच्या दुखापतीमुळे ती अपुरी राहिली. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची पंच परीक्षा त्या २०१९ मध्ये उत्तीर्ण झाल्या, तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या आसपास होते. या वयात बहुतेक खेळाडूंची कारकीर्द संपलेली असते, पंचाची मात्र सुरू होऊ शकते. रणजी सामन्यात प्रत्यक्ष उभे राहण्यापूर्वी त्यांनी याच स्पर्धेत राखीव पंच म्हणून काम केले होते. राखीव पंच प्रेक्षकांच्या फारसा लक्षात येत नाही. चेंडू बदलावयाचा झाल्यास पर्यायी चेंडूंची पेटी घेऊन मैदानात जाणे, विश्रांतीच्या वेळेत खेळपट्टीवर लक्ष ठेवणे आणि एखादा पंच आजारी पडल्यास त्याची जागा घेण्यास सिद्ध असणे, असे हे काम असते.

अन्य दोघींचे मार्गही सरळ नव्हते. जननी नारायणन संगणक अभियंता होत्या. महिलांना पंच म्हणून संधी मिळावी यासाठी त्यांनी तमिळनाडू क्रिकेट संघटनेकडे वारंवार विचारणा केली आणि २०१५ मध्ये संघटनेने आपला नियम बदलला. वृंदा राठी मुंबई विद्यापीठाच्या संघातून मध्यमगती गोलंदाजी करीत. पुढे त्या गुणलेखक झाल्या. २०१३ च्या महिला विश्वचषकात न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस यांची भेट झाल्यानंतर त्या पंचगिरीकडे वळल्या.

नियामक मंडळाच्या परीक्षेविषयी बाहेर फारशी माहिती नसते. तिच्या काठिण्याची कल्पना जुलै २०२२ मध्ये अहमदाबाद येथे घेण्यात आलेल्या परीक्षेवरून येते. महिला व कनिष्ठ गटांच्या सामन्यांसाठी पंच निवडण्याच्या हेतूने ती घेण्यात आली होती. एकूण २०० गुणांपैकी १०० लेखी परीक्षेला, प्रत्येकी ३५ तोंडी परीक्षेला व चित्रफितींच्या चाचणीला आणि ३० शारीरिक क्षमतेला होते. पात्रतेसाठी ९० गुण आवश्यक होते. सुमारे १४० उमेदवारांपैकी केवळ तिघे उत्तीर्ण झाले.

त्यातील काही प्रश्न पाठांतराने सुटणारे नव्हते. मंडप, झाड किंवा क्षेत्ररक्षक यांची सावली खेळपट्टीवर पडल्याची तक्रार फलंदाजाने केल्यास काय करावे? मंडपाची व झाडाची सावली विचारात घ्यावयाची नाही. क्षेत्ररक्षकाने मात्र स्थिर राहिले पाहिजे, अन्यथा पंचाने ‘डेड बॉल’ घोषित करावा. गोलंदाजाच्या बोटाला खरोखर जखम आहे आणि पट्टी काढल्यास रक्त येईल, तरी ती काढावयास सांगावी काय? होय, गोलंदाजी करावयाची असेल तर काढलीच पाहिजे. फलंदाजाने मारलेला चेंडू शॉर्ट लेगच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटमध्ये अडकला, त्या धक्क्याने हेल्मेट डोक्यावरून निघाले आणि ते जमिनीवर पडण्यापूर्वी त्याने झेलले, तर? अपेक्षित उत्तर ‘नाबाद’ असे होते. मैदानावर अशा प्रश्नाला विचार करण्यास काही क्षणच मिळतात, आणि अकरा जण एकाच वेळी अपील करीत असतात.

रणजीतील साखळी सामना चार दिवसांचा असून दिवसाला ९० षटके टाकावयाची असतात. गोलंदाजाच्या टोकाला उभ्या असलेल्या पंचाला प्रथम गोलंदाजाचे पाऊल पाहावे लागते आणि निमिषार्धात नजर समोरच्या फलंदाजाकडे वळवावी लागते. चेंडूचा टप्पा, यष्ट्यांची रेषा, उंची, बॅटची कड यांचा निर्णय तेथूनच द्यावयाचा असतो. त्या हंगामातील साखळी सामन्यांत फेरविचाराची सोय नसल्याने वर गेलेले बोट हाच अंतिम शब्द होता.

या शब्दाचे वजन दिल्लीकरांना ठाऊक आहे. ७ फेब्रुवारी १९९९ रोजी फिरोजशहा कोटला मैदानावर अनिल कुंबळे यांनी पाकिस्तानचे दहाही फलंदाज ७४ धावांत बाद केले. ते बळी मिळवीत होते त्या टोकाला ए. व्ही. जयप्रकाश पंच होते. कुंबळे यांचे नाव सर्वतोमुखी झाले. जयप्रकाश यांचे नाव आज फार थोड्यांना आठवते.

महिला पंचांच्या दृष्टीने रणजीतील प्रवेशाचे महत्त्व केवळ मानाचे नाही. २०२२ मध्ये नियामक मंडळाने पंचांची गटवारी नव्याने केली. त्या वेळच्या वृत्तांनुसार प्रथम श्रेणी सामन्यासाठी वरच्या दोन गटांना दिवसाला ४० हजार, तर खालच्या गटांना ३० हजार रुपये मानधन ठरले. म्हणजे चार दिवसांच्या एका सामन्याचे गटानुसार १ लाख २० हजार ते १ लाख ६० हजार रुपये होतात. देशांतर्गत महिला क्रिकेट मात्र मुख्यतः एकदिवसीय आणि टी-२० स्वरूपाचे आहे. महिलांची अनेक दिवसांच्या सामन्यांची स्पर्धा २०१८ नंतर थेट २०२४ मध्ये पुण्यात पुन्हा घेण्यात आली. केवळ महिलांच्या सामन्यांवर अवलंबून राहणाऱ्या पंचाला कामाचे दिवस कमी मिळतात आणि दीर्घ सामन्याचा सरावही होत नाही. नोकरी सोडून या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या महिलेपुढील खरी अडचण हीच आहे. परीक्षेतील काठिण्य त्यामानाने सोसण्यासारखे म्हणावे लागेल.

३० सप्टेंबर ते २ नोव्हेंबर २०२५ या काळात भारत व श्रीलंकेत झालेल्या महिला एकदिवसीय विश्वचषकासाठी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने प्रथमच केवळ महिलांचा समावेश असलेली पंच व सामनाधिकाऱ्यांची यादी जाहीर केली. तीत १४ पंच आणि चार सामनाधिकारी होत्या. वेणुगोपालन, नारायणन आणि राठी या तिघींची नावे त्या यादीत होती. सामनाधिकाऱ्यांमध्ये आंध्र प्रदेशच्या जी. एस. लक्ष्मी यांचा समावेश होता.

पुरुषांच्या कसोटी क्रिकेटमध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर पोलोसाक यांनी जानेवारी २०२१ मध्ये सिडनी येथील भारताविरुद्धच्या सामन्यात चौथ्या पंच म्हणून काम पाहिले होते. मैदानावरील पंच म्हणून मात्र २०२५ अखेरपर्यंत एकाही महिलेची नियुक्ती झालेली नव्हती.