मोटारगाडीच्या हीटरमधील बिघाड

मोटारगाडीच्या हीटरमधील बिघाड म्हणजे हीटर सुरू करूनही झरोक्यांतून उबदार हवेऐवजी थंड हवा येण्याचा दोष होय. पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत प्रवासी कक्ष तापवण्यासाठी वेगळी शेगडी नसते. इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाने (कूलंट) वाहून आणलेली उष्णताच त्यासाठी वापरली जाते. म्हणून हा दोष पुष्कळदा हीटरचा नसून इंजिनाच्या शीतन यंत्रणेचा असतो. थंड हवा ही कूलंट कमी झाल्याची पहिली खूण असू शकते. तिकडे दुर्लक्ष झाल्यास इंजिन अतितप्त होऊन मोठे नुकसान होते.

रचना व कार्य

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी सुमारे एक तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने कूलंटमध्ये जाते. वॉटर पंप हा द्रव इंजिनात फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट ही झडप रेडिएटरकडे जाणारा मार्ग बंद ठेवते. द्रवाचे तापमान साधारणतः ८० ते ९० अंश सेल्सियस झाल्यावर ती उघडते. गरम द्रवाचा एक प्रवाह दोन रबरी नळ्यांद्वारे डॅशबोर्डमागील हीटर कोरमधून फिरून परत येतो. हीटर कोर हा एक छोटा रेडिएटरच असतो. ब्लोअरचा पंखा त्यावरून हवा फेकतो. गरम व थंड हवेचे प्रमाण एक हलती झडप ठरवते. तापमानाचे बटण फिरवल्यावर ही झडप तारेने किंवा छोट्या विद्युत मोटारीने सरकते.

इंजिन सुरू केल्यानंतर पहिली काही मिनिटे थंड हवा येणे स्वाभाविक असते. इंजिन पूर्ण तापल्यावरही हवा थंड राहिली, तरच तो बिघाड समजावा.

खानदेशातील संदर्भ

जळगाव जिल्ह्यातील पारोळा हे तालुक्याचे गाव धुळे व एरंडोल यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ वर (पूर्वीचा क्र. ६) वसलेले आहे. खानदेशात उन्हाळ्यात कमाल तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते, तर हिवाळ्यात उत्तरेकडील थंडीची लाट आल्यास किमान तापमान १० अंशांच्या खाली उतरते. त्यामुळे येथील गाड्यांचे हीटर वर्षातील बहुतेक महिने बंदच असतात आणि त्यांतील दोष पहिल्या कडाक्याच्या थंडीत उघडकीस येतो.

या दोषाचे मूळ अनेकदा उन्हाळ्यातील उपायांत असते. इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे, कूलंटऐवजी विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी भरणे, गळणारा हीटर कोर बदलण्याऐवजी त्याच्या दोन्ही नळ्या परस्परांना जोडून टाकणे, असे उपाय उष्ण प्रदेशांत केले जातात. उन्हाळ्यात त्यांचा दुष्परिणाम जाणवत नाही. हिवाळ्यात मात्र पहाटे महामार्गावर किंवा चाळीसगाव–कन्नड घाटात समोरच्या काचेवर आतून बाष्प धरते, तेव्हा ते पुसून टाकणारी उबदार हवाच मिळत नाही. त्यामुळे हीटरचा प्रश्न केवळ सुखसोयीचा राहत नाही, तो सुरक्षिततेचा होतो.

प्रमुख कारणे

१. कूलंटची कमतरता : हीटर कोर पुष्कळ गाड्यांत उंचावर असतो. द्रव कमी झाल्यास तेथील प्रवाह लवकर खंडित होतो. द्रव वारंवार कमी होत असल्यास नळ्या, रेडिएटर, वॉटर पंप किंवा हेड गॅस्केट यांतून गळती होत असते.

२. अडकलेली हवा : द्रव बदलताना नळ्यांत हवा राहिल्यास गरम द्रव कोरपर्यंत पोहोचत नाही. डॅशबोर्डमागून खळखळ असा आवाज येणे हे तिचे लक्षण होय.

३. थर्मोस्टॅट उघडाच राहणे किंवा काढून टाकलेला असणे : द्रव सतत रेडिएटरमधून फिरतो व इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही. त्यामुळे इंधनाचा खर्चही वाढतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्याने द्रवाचा मार्ग बदलतो आणि इंजिन उलट अधिक तापते.

४. हीटर कोर तुंबणे : जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार आणि आतील गंज कोरच्या अरुंद नलिकांत साचतो. गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद किंवा तयार भुकटी टाकण्याची युक्ती भारतात परिचित आहे. तिचा गाळही याच नलिकांत अडकतो.

५. हवेची झडप अडकणे : द्रव गरम असूनही हवा कोरवरून जात नाही. झडपेच्या मोटारीतील दाते तुटल्यास डॅशबोर्डमागे टकटक ऐकू येते.

६. वॉटर पंपाची झीज : पंपाची पाती झिजल्यास संथ गतीत द्रव पुरेसा फिरत नाही.

हवा थंड नसून केवळ मंद येत असेल, तर दोष ब्लोअरमध्ये किंवा धुळीने भरलेल्या केबिन फिल्टरमध्ये असतो.

निदान

पहिली तपासणी कूलंटच्या पातळीची करावी. इंजिन पूर्ण थंड असताना टाकीवरील किमान व कमाल खुणांच्या दरम्यान द्रव असला पाहिजे. त्यानंतर इंजिन सुरू करून डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा पाहावा. बराच वेळ गाडी चालवूनही काटा खालीच राहिल्यास संशय थर्मोस्टॅटवर येतो. काटा नेहमीपेक्षा वर चढत असताना थंड हवा आल्यास गाडी तत्काळ सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे. हे द्रव संपत आल्याचे किंवा फिरत नसल्याचे चिन्ह असते.

गाडी उभी असताना हवा थंड व इंजिनाची गती वाढवल्यावर उबदार होत असेल, तर द्रवाची कमतरता, अडकलेली हवा किंवा कमजोर पंप ही कारणे संभवतात. याउलट उभ्या गाडीत उबदार व महामार्गावरील वेगात थंड हवा येत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा राहिलेला असण्याची शक्यता अधिक असते.

पुढील खूण हीटर कोरकडे जाणाऱ्या दोन नळ्यांवरून मिळते. इंजिन तापल्यावर दोन्ही नळ्या गरम असल्यास दोष हवेच्या झडपेत असतो. एक गरम व दुसरी थंड असल्यास कोर तुंबलेला असतो किंवा काही गाड्यांत असलेला हीटरचा वॉल्व्ह बंद राहिलेला असतो. दोन्ही थंड असल्यास कूलंट, थर्मोस्टॅट व पंप यांची तपासणी आवश्यक ठरते.

दुरुस्ती व खबरदारी

अडकलेली हवा काढण्याची पद्धत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. किंचित तुंबलेला कोर उलट्या दिशेने पाणी सोडून स्वच्छ करता येतो. पाण्याचा दाब मात्र कमी ठेवावा लागतो, अन्यथा जुना कोर फुटतो. यंत्रणेत उत्पादकाने सांगितलेले कूलंटच भरावे व ते पातळ करण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. कूलंटमुळे द्रवाचा उत्कलनबिंदू वाढतो आणि गंज रोखला जातो, त्यामुळे बर्फ न पडणाऱ्या प्रदेशातही त्याची गरज असते.

गरम इंजिनावरील रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालील द्रव उसळून गंभीर भाजू शकते. नळ्या हाताळताना पंखा व पट्ट्यापासून हात दूर ठेवावा. रेडिएटरचा विद्युत पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. गाडीत गोडसर वास येणे, काचेवर चिकट थर बसणे किंवा पायाखालचा गालिचा ओला होणे ही हीटर कोर गळत असल्याची लक्षणे होत. कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असल्याने ते मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे. ऊब मिळवण्यासाठी बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कारण तेथे साचणारा कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो.

विद्युत गाड्यांत इंजिनाची उष्णता उपलब्ध नसल्याने विद्युत तापक किंवा उष्णता पंप वापरला जातो. त्यांची यंत्रणा बहुधा उच्च विद्युतदाबावर चालते. त्यामुळे नारिंगी आवरणाच्या तारांना हात न लावता दुरुस्ती प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी लागते.