अटकेपारचा फसलेला व्यापार

दिवाळीच्या चिवड्यासाठी हिंग घ्यायला मी दरवर्षी लक्ष्मीपुरीत जातो. ‘काबुली’ म्हटले की हिंगाचा भाव आजही चढतो. हा माल पूर्वी कोणत्या वाटेने येत असे, हे शोधताना मला एका मोहिमेची हकिगत सापडली. अलेक्झांडर बर्न्सची ही मोहीम २६ नोव्हेंबर १८३६ रोजी मुंबईहून काबूलकडे निघाली.

बर्न्स मुंबईच्या फौजेतला अधिकारी. सोबत लीच, वुड आणि डॉक्टर लॉर्ड. सांगितलेले काम निव्वळ व्यापाराचे होते: सिंधू नदी व्यापाराला खुली करायची आणि तिकडच्या बाजारपेठांची माहिती काढायची. वास्तविक वाट बंद नव्हतीच. लोहानी अफगाण व्यापारी दरसाल उंटांचे तांडे घेऊन गोमल खिंडीतून उतरत, सुकामेवा विकत आणि कापड, नीळ घेऊन परतत. सिंधच्या अमीरांनीही १८३२ च्या तहाने नदी खुली केली होती. अट एकच महत्त्वाची होती, युद्धसामग्री न्यायची नाही.

२० सप्टेंबर १८३७ रोजी मंडळी काबूलला पोचली. अमीर दोस्त महंमदाने चांगले स्वागत केले. पण त्याला रणजितसिंगाने घेतलेले पेशावर परत हवे होते आणि इंग्रजांना रणजितसिंगाला दुखवायचे नव्हते. डिसेंबरात रशियाचा दूत विट्केविच आला आणि व्यापाराचे बोलणे मागेच पडले. दोस्त महंमदाशी सख्य करावे, हे बर्न्सचे मत गव्हर्नर जनरल ऑकलंडने मानले नाही. एप्रिल १८३८ मध्ये बर्न्स रिकाम्या हातांनी काबूलहून निघाला. पुढच्या वर्षी पार्लमेंटपुढे आलेल्या कागदांतून त्याच्या पत्रांतला अमीराला अनुकूल मजकूर गाळला होता. ती पत्रे पुरती छापली गेली १८५९ मध्ये.

१८३८ संपण्यापूर्वीच तहाची अट मोडली. मुंबईची फौज सिंधमध्ये उतरली आणि तिथून अफगाणिस्तानात गेली. ज्या धोरणाविरुद्ध सल्ला दिला, त्याचीच चाकरी बर्न्सने पत्करली. लॉर्ड २ नोव्हेंबर १८४० रोजी लढाईत पडला. बरोबर एका वर्षाने, २ नोव्हेंबर १८४१ रोजी, काबूलच्या जमावाने बर्न्सला त्याच्या घरी ठार केले. जानेवारी १८४२ च्या माघारीत सुमारे ४,५०० सैनिक आणि १२,००० बाजारबुणगे निघाले. त्यांतले बहुतेक बर्फात मेले, मारले गेले किंवा कैद झाले. १८४३ मध्ये सिंधही खालसा झाले.

हे सारे आपल्यापासून फार दूरचे नाही. त्या अफगाण स्वारीत गेलेला जेम्स आउट्रम १८४४ मध्ये आपल्या गडकऱ्यांचे बंड मोडायला सामानगड-पन्हाळ्याकडे आला होता.

व्यापार वाढवायला निघालेल्यांनी शेवटी फौजेची वाट आखून दिली, असे मला वाटते. लोहानींचे तांडे मात्र त्यानंतरही गोमलमधून येत राहिले. त्यांना कुणाच्या मोहिमेची गरज नव्हती.