विहीर खांदतात, बोअर मारतात

मराठवाड्यातल्या खेड्यात विहीर खणत नाहीत, ‘खांदतात’. औरंगाबादलगतची मुकुंदवाडी हे गाव होतं तेव्हा तिथंही बहुधा हेच क्रियापद चालत असावं. पुढे शेजारी सिडकोच्या वसाहती उभ्या राहिल्या, गाव शहरात शिरलं आणि विहिरीऐवजी बोअर आले. बोअर कुणी खांदत नाही. तो ‘मारतात’ नाहीतर ‘घेतात’.

खांदणाऱ्याला जमीन थराथरांनी कळते. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि तळाला काळा पाषाण. मातीला कुदळ-फावडं पुरतं, मुरमाला टिकाव लागतो, पाषाण मात्र पहार आणि सुरुंगाशिवाय हलत नाही. फुटलेला दगड यारीनं वर येतो. खोली सांगायची ती परसात. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाइतकी उंची म्हणजे एक परस. माती आणि दगडाची ही कामं पिढ्यान्‌पिढ्या वडारांनी केली, त्यांची नावं मात्र शिलालेखांत सहसा सापडायची नाहीत.

‘खणणे’ संस्कृत ‘खन्’ धातूतून आलं. खाण, खनिज, उत्खनन ही त्याचीच भावंडं. ‘खंदक’ दिसतो त्यांच्यातलाच, पण तो फारसी ‘कंदन’ म्हणजे खोदणे यावरून, अरबीची वाट धरून मराठीत उतरला. गंमत अशी की ‘खन्’ आणि ‘कंदन’ यांचं मूळ भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. दौलताबादचा खडकात कोरलेला खंदक पाहताना हे आठवावं.

कोरलेला, हेही आलंच. वेरूळचं कैलास लेणं राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, वरून खाली कोरत आणलं. काम खोदण्याचंच, पण तिथं ‘खांदलं’ म्हणायला जीभ धजत नाही.

याच खडकाळ भागात मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. शहराला पाणी हवं म्हणून त्यानं जमिनीखालून नहर आणली. तंत्र इराणातल्या ‘कनात’ या भुयारी कालव्याच्या घराण्यातलं: उताराच्या बळावर पाणी आपोआप वाहायचं आणि मधल्या उभ्या विवरांतून आत उतरून गाळ काढायचा. बऱ्हाणपूरला 1615 च्या सुमारास अब्दुर रहीम खानखानाच्या काळात असंच काम झालं. अशा कामाला मराठीत आणखी एक क्रियापद आहे: पाट, कालवा, नहर ‘काढतात’.

मुकुंदवाडीकडं बोअरची गाडी आली की मात्र प्रश्न एकच असतो, किती फुटांवर लागलं? परस तिथं कुणी विचारत नाही.