भारुडाचा सिलॅबस

मराठी प्रायोगिक नाटकाचा इतिहास सांगायला बसलं की पत्ते ठरलेले असतात. दादरची छबिलदास शाळा, पुण्यातल्या नाट्यसंस्था आणि परदेशातून आलेले ब्रेश्त-बेकेट. या यादीत बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्याचं नाव सहसा नसतं. ते असायला हवं असं मला वाटतं. मीही बीडचाच, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरा. पण कारण तेवढंच नाही.

वामन केंद्रे यांचा जन्म १७ जानेवारी १९५७चा, केज तालुक्यातल्या दरडवाडीचा. वडील भारूड करायचे. मुलगा दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, म्हणजे एनएसडीत पोहोचला, १९८२ साली तिथून पदविका घेऊन बाहेर पडला आणि २०१३ साली त्याच संस्थेचा संचालक झाला. संगीत नाटक अकादमीचा २०१२चा पुरस्कार, २०१९ची पद्मश्री, ही सगळी माहिती फोनवर दोन मिनिटांत सापडते. मला रस आहे तो भारूड आणि एनएसडी यांच्यामधल्या वाटेत.

भारूड उघडून पाहिलं तर

आपल्या पिढीनं भारूड पाहिलंय ते सप्ताहात, यात्रेत नाहीतर यूट्यूबवर. बायकी सोंग घेतलेला पुरुष, टाळ-पखवाज आणि खसखस पिकवणारं गाणं, एवढंच लक्षात राहतं. पण एखादा चालू प्रोग्रॅम उघडून आत काय चाललंय ते बघावं, तसं भारूड उघडून बघा.

पडदा नाही, नेपथ्य नाही. माणूस डोक्यावर पदर घेतो आणि सासुरवाशीण होतो. दोन ओळी झाल्या की पदर खांद्यावर टाकून समोरच्यांना अर्थ सांगायला लागतो. मागचे टाळकरी ध्रुवपद धरतात, मध्येच प्रश्न विचारतात. तो उत्तर देतो आणि पुन्हा बाई होतो. भूमिकेत शिरणं आणि बाहेर येणं, दोन्ही लोकांच्या डोळ्यांसमोर. नटानं भूमिकेपासून अंतर राखावं, हा विचार ब्रेश्तनं विसाव्या शतकात मांडला, तेव्हा जगभरच्या नाटकवाल्यांना तो क्रांतिकारक वाटला. दोघांचा हेतू मात्र वेगळा होता. ब्रेश्तला प्रेक्षकानं समाजाचा विचार करायला हवा होता, भारुडाला श्रोता परमार्थाकडे वळायला हवा होता.

आता भारुडात बोलतं कोण ते पाहा. गोदावरीपलीकडच्या पैठणला एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडं रचली, त्यात जोशी येतो, गोंधळी येतो, महार येतो, आंधळा, बहिरा, मुका येतो. ज्यांना एरवी कुणी बोलू देत नव्हतं त्यांच्या तोंडून नाथ बोलतात. पण बोलतात ते अध्यात्म. त्या माणसाचं स्वतःचं दुःख रूपकाच्या मागे राहतं.

रूपक बाजूला केल्यावर

‘झुलवा’ नाटकाचं महत्त्व मला इथे दिसतं. उत्तम बंडू तुपे यांची कादंबरी, चेतन दातार यांनी केलेलं नाट्यरूपांतर, दिग्दर्शन वामन केंद्रे यांचं. विषय यल्लम्माला सोडलेल्या मुलींचा, जोगतिणींचा आणि जोगत्यांचा. भारुडात जोगवा हे रूपक असतं. ‘झुलवा’त जोगवा मागणारी बाई हीच गोष्ट असते. गाणं, नाच, परडी सगळं आहे, पण आता त्याचा अर्थ सांगून मोकळं होता येत नाही.

त्या काळात देशभर ‘मुळांकडे परत’ जाण्याची लाट होती. संगीत नाटक अकादमीनं १९८४ साली तरुण दिग्दर्शकांसाठी योजना काढली होती, तिच्यातून लोकशैलीतल्या प्रयोगांना मदत मिळायची. चांगली नाटकं झाली, तशीच तक्रारही झाली, की लोककला शोभेपुरती वापरली जातेय. शहरातल्या नाटकवाल्याला लोककलेकडे जावं लागत होतं. केंद्रे तिथूनच आले होते. जोगतिणीचं गाणं कुठे संपतं आणि तिचं जगणं कुठे सुरू होतं, याचं भान मला ‘झुलवा’त दिसतं ते त्यामुळे.

पुढे मच्छिंद्र मोरे यांचं ‘जानेमन’ त्यांनी केलं. त्याचा विषय तृतीयपंथीयांचं जग. म्हणजे पुन्हा वेशीबाहेरच ठेवलेली माणसं. दरम्यान विश्वास पाटील यांच्या पानिपतावरच्या ‘रणांगण’सारखं मोठ्या पसाऱ्याचं नाटकही केलं, त्यामुळे त्यांना ‘प्रायोगिक’ या एका खणात कोंबता येत नाही.

स्वतः लिहिलेलं ‘मोहे पिया’ भासाच्या ‘मध्यमव्यायोग’वर आधारलेलं. भासाची म्हणून ओळखली जाणारी नाटकं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टी. गणपतिशास्त्री यांना त्रावणकोर संस्थानात सापडली, आणि केंद्रे यांनी केरळच्या लोकरंगभूमीचा अभ्यास केलेला. मूळ गोष्टीत हिडिंबेच्या पारण्यासाठी घटोत्कच माणूस शोधत निघतो आणि त्याची गाठ पडते बापाशी, भीमाशी. राजवाड्यातल्या महाभारतानं जंगलात सोडून दिलेली बायको आणि मुलगा. विषय बघा, पुन्हा तोच.

वारसा वर्गात आणताना

२००३ साली मुंबई विद्यापीठात अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स सुरू झाली. केंद्रे तिचे पहिले संचालक. इथे एक अवघड प्रश्न येतो. भारूड बापाकडून मुलाकडे जातं. त्याला फॉर्म नाही, फी नाही, मुलाखत नाही. ते वर्गात आणलं की काहीतरी सुटतंच: सप्ताहाची रात्र, समोर बसलेल्या आज्या, श्रद्धा. पण घरात राहिलं तर ते फक्त त्या घरातल्या मुलाचं राहतं, आणि त्यानं पुण्यात नोकरी धरली की संपतं. वर्गात ते कुणाच्याही मुलीला शिकता येतं. मला हा सौदा मान्य आहे.

मात्र वर्ग कुठे भरतो, हेही महत्त्वाचं. एनएसडी संचालकपदाच्या त्यांच्या काळात, २०१८ साली, आठवं थिएटर ऑलिम्पिक्स पहिल्यांदा भारतात झालं. १७ फेब्रुवारी ते ८ एप्रिल, ५१ दिवस, १७ शहरं. समारोप मुंबईत गेटवे ऑफ इंडियापाशी झाला. त्या १७ शहरांत महाराष्ट्रातलं शहर एकच, मुंबई. मराठवाड्यातलं एकही नाही. दरडवाडीतून दिल्लीला जाता येतं हे एका माणसानं सिद्ध केलं. दिल्लीहून नाटक दरडवाडीला येण्याची वाट अजून कच्चीच आहे.

बीड म्हटलं की पुण्यातल्या ऑफिसात ऊसतोड, दुष्काळ आणि गुन्ह्यांच्या बातम्या यांपलीकडे विषय जात नाही. ते खोटं नाही. पण त्याच मातीत सोंग घेऊन खरं बोलण्याची एक रीत आहे, आणि ती देशाच्या सगळ्यात मोठ्या नाट्यशाळेच्या संचालकाच्या खोलीपर्यंत गेली. यंदा गावाकडे सप्ताह असेल आणि रात्री भारूड लागलं, तर फोन जरा खिशात ठेवा. तो माणूस पदर डोक्यावर घेतो आणि खाली टाकतो, त्या क्षणाकडे नीट बघा.